राग गिळला तो चातुर्मास

काल दुपारी शेजारच्या काकू उंबऱ्याशी येऊन सांगून गेल्या की उद्यापासून देवळात पुराण लागणार आहे. नवे पुराणिक आलेत, आवाज गोड आहे, तुम्ही याच. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. परडीतला आघाडा निवडत बसले. त्या गेल्यावर यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. आमच्यात या विषयावर एवढंच बोलणं होतं.

आता आम्ही ठाण्याला राहतो. घरापासून तळं जवळ आहे. श्रावणात तळं काठोकाठ भरतं आणि ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पाण्याचा रंग घटकेत बदलतो. घराघरांतून ओलं सोवळं वाळत टाकलेलं असतं आणि ते वाळत नाही. त्या दमट कापडाला एक वास येतो. त्यात धूप मिसळतो, ओल्या मातीत कुजणारी तेरड्याची फुलं मिसळतात. इतरांना तो वास सणांचा वाटत असेल. मला तो आला की कल्याणचं घर आठवतं, पडवीतला झोपाळा आठवतो, आणि एकाच पंक्तीला बसलेली दोन माणसं आठवतात. दोघांनी माझ्यावर आपापल्या परीनं माया केली, आणि दोघांनी तो सबंध पावसाळा आपापला राग गिळण्यात घालवला.

त्यातले एक माझे यजमान. नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये, म्हणून इथंही यजमानच म्हणते; अण्णांच्या तोंडी येईल तेवढंच. ते तेव्हा कल्याणच्या स्टेशनात तारमास्तर होते. दुसरे माझे थोरले भाऊ, अण्णा. ते खडवलीला उतरून नदीच्या काठाकाठानं चालत गेलं की लागणाऱ्या एका खेड्यात राहत. थोडी भातशेती, बाकी भिक्षुकी, आणि बोलावणं आलं तर पुराण सांगणं. वडील लवकर गेले, तेव्हा मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारे, माझ्या लग्नात कन्यादानाला बसणारे तेच. त्या पावसाळ्यात घरात चौथं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्याआधी एक पाचवं माणूस होतं, ते म्हणजे आमची लेक यमू.

यमू बोलायला उशिरा लागली, आणि लागली ती थांबेना. वडील कामावरून आले की त्यांचं बोट धरून पाटावर आपटायला लावायची. तिचं नाव तारेतून कसं वाजतं ते त्यांनी तिला शिकवलं होतं. मग ती जेवताना ताटाच्या काठावर, निजताना माझ्या पाठीवर, तेच वाजवत राहायची. सासूबाई म्हणायच्या, पोरीच्या जातीला ही कसली विद्या. पण त्याही हसायच्या.

भातं पिवळी व्हायला लागली होती तेव्हा तिचा घसा धरला. घटसर्प. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. आत पांढरा पडदा धरलाय म्हणाले आणि यजमानांना अंगणात घेऊन जाऊन काही बोलले. अण्णा बातमी कळताच धावत आले होते. ते म्हणाले, आमच्या गावच्या देवीला अनवाणी चालत जाऊन ओटी भरा, दामोदरपंत, पोरगी उठेल, मी सोबत येतो. यजमान तेव्हा रोज संध्या करणारे, पूजा झाल्याशिवाय चहाही न घेणारे. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. तांबडं फुटताना दोघं निघाले. ते निघाले तेव्हा यमूला जरा बरं वाटत होतं. तिनं त्यांच्याकडे पाहून बोट हलवलं.

दुपार कलताना सगळं संपलं. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी श्वास कसा झाला ते मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. दिवेलागणीला ते दोघं परत आले. चालून चालून यजमानांचे पाय फुटले होते. देवीचा अंगारा त्यांनी उपरण्याच्या टोकाला गाठ मारून जपून आणला होता. दारात माणसं पाहून त्यांना कळलं. पण हातातल्या त्या गाठीचं काय करावं ते त्यांना कळेना. खाली ठेवावी तर अंगारा, हातात धरावी तर कशासाठी. बराच वेळ ते तसेच उभे होते. अखेर सासूबाईंनी ते उपरणं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

समाचाराला आलेली माणसं म्हणत होती, मुलगीच होती, देव पुढं मुलगा देईल. यजमान ऐकून घेत होते. सुतक फिटलं आणि त्यांनी संध्येचा पाट मांडलाच नाही. आंघोळ केली, कोट चढवला, स्टेशनात गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. नास्तिक हा शब्द त्यांनी स्वतःला कधी लावला नाही. तो गावानं लावला. त्यांनी फक्त एक दार लोटून घेतलं होतं, आणि मी माझी रोजची फुलं वेचत होते, वात करत होते, कारण हातांना दुसरं काय करावं ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या आषाढात कल्याणच्या एका रामाच्या देवळातून अण्णांना चातुर्मासाच्या पुराणाचं बोलावणं आलं. एवढ्या मोठ्या गावातलं, प्रतिष्ठेचं बोलावणं त्यांच्या आयुष्यात पहिलं. उतरायचं कुठं, तर बहिणीकडे. मला धास्ती वाटली. यजमान म्हणाले, तुझे अण्णा आहेत, दुसरीकडे कुठं उतरणार, आणि स्वतः जाऊन त्यांची वळकटी उचलून आणली.

दोघंही तापट, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण राग येण्याची तऱ्हा वेगळी. यजमानांच्या आधी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग ते उठून परसात जायचे. तिथं दोडक्याचा वेल मांडवावर चढवला होता. पाऊस असो नसो, ते त्याचे तणावे सोडून पुन्हा बांधत बसायचे. त्या वर्षी वेलाला फार कमी दोडकी लागली, इतका त्याला हात लागला. अण्णांचं उलट. ते लहानपणी रागानं घरातला रांजण फोडणारे. पण पोथी हाती घेतल्यापासून त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. राग जितका मोठा तितका त्यांचा आवाज मऊ होत जाई. लोकांना वाटे केवढी ही शांती. मला त्या मऊ आवाजाची भीती वाटे.

पहिली ठिणगी पंक्तीतच पडली. शेजारी एका बाईची कठीण बाळंतपणातून सुटका झाली होती, त्याविषयी अण्णा सहज म्हणाले, देवाची कृपा. यजमानांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "मग आमच्यावर नव्हती, असं का?" मी भाताचं भांडं घेऊन मधोमध उभी. अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले की कृपेचा हिशेब माणसानं करू नये. यजमान म्हणाले, हिशेब करू नये तर जमेची बाजू तेवढी का वाचून दाखवता. मग यजमान ताटावरून उठायला लागले आणि अण्णांनी जेवण संपवण्याच्या आपोष्णीचं पाणी घ्यायला हात पुढं केला, जेवण अर्धं टाकूनच.

सासूबाईंनी दोघांना खाली बसवलं. म्हणाल्या, "देव आहे की नाही ते देव बघून घेईल. भात निवतोय." त्या दिवसापासून त्यांनी दंडक घातला. ताट मांडलेलं असताना देवाचं नाव काढायचं नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. आणि राग आलाच तर त्या खडीसाखरेचा खडा हातावर ठेवायच्या. तो तोंडात विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दोन कर्ते पुरुष गालात खडा धरून मुकाट झोपाळ्यावर बसलेले, हे पाहून मला हसू येई.

असं नाही की सगळे दिवस ताणाचेच होते. श्रावणातल्या एका पंधरवड्यात अण्णांना हिवतापानं झोडपलं. यजमानांनी स्टेशनातून कोयनेल आणलं. अण्णा ते कडू औषध तीर्थाच्या पळीतून घेत, आणि यजमान समोर बसून पाहत. ताप उतरल्यावर त्यांनी विचारलं, आता जिंकलं कोण. अण्णा म्हणाले, ज्याचा ताप गेला तो. दोघं किती हसले. मग बरं वाटल्यावर यजमान त्यांना स्टेशनात तारयंत्र दाखवायला घेऊन गेले. अण्णा परत आले ते लहान मुलासारखे. किती वेळ मला सांगत होते की पुण्याचा माणूस तिकडं कळ दाबतो आणि अक्षर इथं वाजतं, बयो, इथं, माझ्या समोर.

त्याच संध्याकाळी पडवीत यजमान म्हणाले, "अण्णा, तारेच्या पलीकडे माणूस बसलेला असतो, म्हणून पोच येते. मी रोज तार केली. पोच आली नाही."

अण्णा म्हणाले, उत्तर 'नाही' असंही असू शकतं.

"'नाही' म्हणायलाही पलीकडे कुणीतरी बसावं लागतं," यजमान म्हणाले.

अण्णांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. यजमान उठून वेलाकडे गेले. मी आत चुलीशी. त्या घरात त्या वेळी प्रत्येकाला जायला एकेक कोपरा होता, आणि तिथंच आमचं दुर्दैव होतं असं मला आता वाटतं. कुणी कुणापुढं पुरतं रागावलंच नाही.

मला तेव्हाही दिसत होतं की हे भांडण देवाविषयी नाही. यजमानांचा राग ज्याच्यावर होता तो समोर येऊन बसत नव्हता. मग त्याच्या वतीनं जो बोलतो त्याच्यावर तो राग निघे. यमूच्या शेवटच्या दिवशी ते तिच्याजवळ नव्हते, देवीच्या वाटेवर होते. हे त्यांनी ना देवाला माफ केलं, ना वाट दाखवणाऱ्याला, ना स्वतःला. आणि अण्णांचा राग म्हणजे भीती होती. आपण सांगितलेला नवस फुकट गेला हे त्यांनाही रोज टोचत होतं. यजमान बोलत ते ऐकताना अण्णांना आपल्याच छातीतला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून आल्यासारखा वाटत असणार. आपल्या प्रश्नावर माणूस जितका चिडतो तितका परक्याच्या प्रश्नावर चिडत नाही. हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. वाद देव आहे की नाही याचा होता, आणि त्या दिवशी तिला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्यात काही मत असेल असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. आलं असतं तरी मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. एके दिवशी मला देव असावासा वाटे, कारण मग यमू कुठंतरी असेल. दुसऱ्या दिवशी तो नसावा असं वाटे, कारण मग हे कुणी मुद्दाम केलेलं नसेल.

पिठोरीची अमावास्या आली. त्या दिवशी आया उपास करतात, संध्याकाळी खिरीपुरीचं वाण डोक्यावरून मागं धरतात आणि विचारतात, अतीत कोण, म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण. मागून मूल म्हणतं, मी. आणि वाण घेतं. देवळात त्या दिवशी पुराणही तसंच सांगायची चाल होती, गेलेली मुलं आईला परत मिळाली ती कथा. अण्णा सकाळी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "बयो, आज तू येऊ नकोस." पण मला जायचं होतं. का ते नीट सांगता येत नाही. ज्या जखमेला कुणी हात लावत नाही तिला आपणच एकदा हात लावून बघतो, तसं काही असेल.

देवळात बायकांची बाजू भरून गेली होती. मांडीवर, खांद्यावर, पदराआड, सगळीकडे मुलं. बाहेर पाऊस धरून होता. छपरावरून पागोळ्या पडत होत्या त्यांचा पडदा झाला होता. अण्णा सांगायला लागले. त्यांचा आवाज खरोखर फार चांगला होता. मी एका खांबाला टेकून बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कथा शेवटाला आली. आईचं तप फळलं, दारात पावलं वाजली, मुलं एकेक करून आत आली. बायकांनी डोळे पुसले.

त्या वेळी यजमान आले होते. पाऊस थांबत नव्हता म्हणून छत्री घेऊन मला न्यायला. देवळाच्या पायरीपाशी, पागोळ्यांच्या आत, ते उभे होते. छत्री मिटलेली, तिच्यातून पाणी गळत होतं. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. कथा संपून सगळे गप्प झाले, आणि त्या गप्प जागेत ते बोलले.

"अण्णा, मग आमची का नाही आली?"

तो आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. लोकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं असतं, नास्तिक म्हणून चार शब्द बोलले असते, आणि अण्णांनी पोथी मस्तकी लावून पुढं आरती म्हटली असती. पण ते लहान मूल विचारतं तसं विचारत होते. सगळा समाज अण्णांकडे वळला. उत्तर काय आहे ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीही पुराणिक डोळे मिटून सांगेल. पूर्वजन्मीचं कर्म. मुलाचं, नाहीतर आईबापांचं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पुराण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी पोथी बासनात बांधली, गाठ मारली आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही."

त्या वाक्यानं देवळात जी कुजबुज सुरू झाली ती पुढं गावभर पसरली. पुराणिकाला ठाऊक नाही. व्यासपीठावर बसून, नास्तिकापुढं म्हणाला, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचे वहिवाटदार तात्या आमच्याकडे आले. ते वाईट माणूस नव्हते. दारातला चिखल पाहून जोडे बाहेर काढून, पडवीत अंग चोरून बसले. त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं की एक प्रश्न तसाच उघडा राहिला तर उद्या दहा उठतील. तुम्ही आज संध्याकाळी शास्त्रातलं उत्तर तेवढं सांगा, आणि चातुर्मास संपेपर्यंत या घरचं अन्न सोडा. मी माझ्याकडे सोय करतो. झालं गेलं विसरून जाऊ.

अण्णा म्हणाले की अन्न बहिणीच्या घरचं आहे, ते सोडणार नाही. आणि उत्तराविषयी काही बोललेच नाहीत. तात्या हात जोडून उठले. गणपतीच्या आधी देवळात दुसरे पुराणिक आले.

तात्या येऊन गेले त्या दिवशी यजमान कामावर गेले नाहीत. मला वाटलं ते आनंदले असतील, वर्षभर ज्याची वाट पाहत होते तो कबुलीजबाब मिळाला. पण ते घरात पिंजऱ्यात घातल्यासारखे फिरत होते. शेवटी अण्णांसमोर येऊन उभे राहिले. तेव्हा जे बोलणं झालं ते मी मधल्या दारात उभी राहून ऐकलं, आणि ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

"तुम्ही भांडला का नाहीत?" यजमानांनी विचारलं. "उत्तर द्यायचं होतंत. मी ऐकून घेतलं असतं. मला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं."

अण्णा म्हणाले, "उत्तर होतं माझ्याकडे. तोंडात आलं होतं. पण ते यमूवर तरी पडलं असतं, नाहीतर बयोवर."

"मग ते खोटं आहे म्हणा."

"ते मला म्हणता येणार नाही, दामोदरपंत."

यजमान म्हणाले, "आणि मला ते खरं म्हणता येणार नाही."

झालं. एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. सासूबाई साखरेचा डबा हातात घेऊन आल्या होत्या, तो तसाच परत घेऊन गेल्या. एका माणसानं दुसऱ्यासाठी आपलं आसन सोडलं होतं, आणि त्या दुसऱ्याला ते पुरतं दिसलं होतं, तरी दोघांमध्ये एक वाक्य होतं जे एकाला म्हणता येत नव्हतं आणि दुसऱ्याला गिळता येत नव्हतं. माया कमी नव्हती. मायेचा तिथं उपयोग नव्हता. मी इतकी वर्षं विचार करते आहे, आणि मला अजून सापडलेलं नाही की त्या वेळी दारात उभ्या असलेल्या बाईनं काय बोलायला हवं होतं.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत शहाणपणाचे गेले, आणि सगळ्यांत भयंकर. आता दंडकाची गरजच उरली नाही. दोघं एकमेकांना इतके जपू लागले की बघवत नसे. अण्णा पूजा करताना घंटा वाजवेनासे झाले. यजमान पूजा चालू असली की पडवीतून अंगणात जात, आपली सावलीसुद्धा तिकडं पडू नये म्हणून. जेवताना पाऊस, भात, गाड्यांच्या वेळा, एवढंच. बोलण्याआधी दोघं शब्द चाचपून बघत. एकदा अण्णांच्या तोंडून सवयीनं 'देवाच्या दयेनं' निघालं, तर त्यांनी वाक्य मधेच सोडलं आणि कढी वाढ म्हणाले. रागाला इतकं नीट कुंपण घालून ठेवलं होतं त्यांनी, की त्या कुंपणाच्या आत राग एकटा नव्हता, बाकीचंही पुष्कळ अडकून पडलं होतं. सोसाट्याचं भांडण झालं असतं तर त्यात यमूचं नाव आलं असतं. कुणीतरी रडलं असतं. त्या शांत घरात तिचं नाव कुणी घेईना.

अनंत चतुर्दशी झाल्यावर अण्णा म्हणाले, निघतो, भातात पाणी साचलं असेल. चातुर्मास जेमतेम अर्धा झाला होता. मी थांबा म्हटलं नाही. काय सांगून थांबवणार.

आम्ही दोघं त्यांना पोचवायला स्टेशनात गेलो. उघडीप होती. फलाटावर कोळशाचा धूर आणि ओल्या गवताचा वास. अण्णांनी वळकटी गाडीत ठेवली आणि खाली उतरून उभे राहिले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून नेहमीचं म्हटलं, अखंड सौभाग्यवती हो, देव तुझं बरं करो. मग मी बाजूला झाले.

आणि यजमान पुढं झाले. देवघरापुढं ज्यांनी वर्षभर मान लववली नव्हती, ते आपल्या हाताखालच्या माणसांच्या, हमालांच्या, गाडीतल्या उतारूंच्या देखत, त्या चिखलट फलाटावर खाली वाकले आणि त्यांनी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं.

अण्णांचा हात आपोआप उचलला गेला. तोंड उघडलं. जन्मभर ज्या माणसानं आशीर्वाद देण्याचंच काम केलं त्याच्या ओठांवर शब्द येतातच. मला ते शब्द दिसले, इतके ते जवळ आले होते. मग अण्णा थांबले. त्यांना आशीर्वाद एकाच तऱ्हेचा येत होता आणि त्यात देवाचं नाव होतं. ते नाव खाली वाकलेल्या माणसाला टोचेल, आज तरी टोचू नये, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला उघड दिसलं. त्यांनी तोंड मिटलं. हात डोक्यावर न ठेवता खांद्यावर ठेवला, नुसता. यजमान अजून वाकलेलेच होते. ते थांबले होते. गाडीची शिट्टी झाली तेव्हा ते उठले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पौषात खडवलीहून माणूस आला. अण्णांना पुन्हा ताप भरला होता आणि या खेपेला तो उतरला नव्हता. यजमान माझ्याबरोबर आले, तिथं सगळं होईपर्यंत राहिले. लाकडं आणली, पाणी भरलं, कोपऱ्यात उभे राहिले. कुणाशी वाद घातला नाही.

पुढं आम्हाला दोन मुलगे झाले. बदली होऊन आम्ही ठाण्याला आलो. यजमानांचे केस पिकले. देवाविषयीचं त्यांचं म्हणणं बदललं नाही, आणि ते बदलावं असं मी कधी मागितलं नाही.

काल काकू निमंत्रण देऊन गेल्या त्यानंतर बऱ्याच वेळानं यजमानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. तळ्यावर ऊन पडलं होतं. त्यांनी त्या दिवशीच्या फलाटाविषयी माझ्याशी आजवर एक अक्षर काढलं नव्हतं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्या दिवशी अण्णांनी आशीर्वाद दिला असता ना, देवाचं नाव घेऊन, तर मी घेतला असता."

मी आघाडा निवडत राहिले. हे ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस केव्हाच गेला होता.